दुसऱ्याचे बाण काढायची सवय

बाबा, वर्ध्याच्या त्या बाण फेकायच्या स्पर्धेला जायची मला खरी काय किंमत पडली, ते आधी सांगतो. नाव नोंदवायची फी सोडून द्या, ती कोणीही भरतो. साळ्याच्या मुलीचं साक्षगंध नेमकं त्याच रविवारी होतं. तिथे गेलो नाही, म्हणून साळा अजून माझ्याशी फक्त 'हो' आणि 'बरं' एवढंच बोलतो. हॉटेल दिवसभर स्वयंपाक्याच्या हवाली केलं, तर त्यानं वांग्याच्या भाजीत दोनदा मीठ घातलं आणि अमरावतीकडे निघालेली एक अख्खी वरात अर्ध्या जेवणावरून उठली. उजवा खांदा अजून शेकावा लागतो. मागच्या गोदामाची भिंत चाळणीसारखी झाली आहे. आणि तुमची सून रागावली नाही, नुसती हसली. हे सगळ्यात महागात पडलं, कारण ती हसते तेव्हा तिला माझ्याबद्दल काहीतरी कळलेलं असतं, आणि ते काय, ते ती सांगत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा कारंज्यावरून जाणारा रस्ता एवढासा होता. दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला कच्च्यात उतरावं लागायचं. आता तो इतका रुंद झाला आहे की पलीकडच्या बाजूच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जात नाही. या रस्त्याच्या काठावर माझं हॉटेल आहे. आधी टपरी होती, मग ढाबा झाला, आता मागे हिरवळ आहे आणि पाटीवर 'फॅमिली' लिहिलेलं आहे. लोक विचारतात, शिक्षण किती, तर मी म्हणतो, कान दोन. गल्ल्यावर मी जेवणाऱ्यांकडे पाठ करून बसतो. कोपऱ्यातल्या टेबलावर कोणी हळूच म्हणालं की डाळ पातळ आहे, तर त्याचं बिल येण्याआधी दुसरी वाटी गेलेली असते. त्या माणसाला वाटतं, या मालकाला मनातलं कळतं. मनातलं काही कळत नाही, बाबा. तुम्ही मला पाठमोरं ऐकायला शिकवलं, तेवढंच.

तुमची जत्रेतली फुग्यांची फळी मला आजही तशीच दिसते. दोन बांबू, मध्ये आडव्या लाकडी पट्ट्या, वर ठोकलेलं पोतं आणि पोत्यावर दोऱ्यानं बांधलेले फुगे. बाकीच्यांकडे छऱ्याच्या बंदुका होत्या. तुमच्याकडे हातानं बनवलेले बाण होते: सायकलच्या तारेचं घासलेलं टोक, सागाचा दांडा, मागे कोंबडीची पिसं. तळेगावच्या बाजारात भर दुपारी मी फळीच्या बाजूला बसलो आहे, गिऱ्हाइकाकडे पाठ, गाल फुगवून फुगे भरतो आहे. तुम्ही म्हणता, "फुगा फुटला त सगळ्यायले आयकू येते. नाई फुटला त काय वाजलं, ते आयकत जाय." मी ऐकत जातो. पट्टीला लागला की 'टक्'. नुसत्या पोत्यात गेला की 'भस्'. फुग्याला घासून गेला की रबराची बारीक किरकिर. आणि गिऱ्हाईक चिडून फेकायला लागलं की बाण सुटायच्या आधी त्याचा श्वास वाजतो. तो वाजला की तुम्ही ताबडतोब म्हणायचात, "साहेब, हा एक आपल्याकडून फुकट!" आणि चिडलेला माणूस परत हसायला लागायचा.

माझं काम दोन तऱ्हेचं होतं. बाण लागला की धावत जायचं, उपटायचा, पुसायचा आणि पिसाची बाजू गिऱ्हाइकाकडे करून अदबीनं द्यायचा. आणि फुगा फुटला असेल तर मोठ्यानं पुकारायचं: "साहेबांचा फुगा!" पुकारा असा हवा की पलीकडच्या जिलेबीवाल्याकडची माणसंही वळून पाहतील. उपटणं आणि पुकारणं एका दमात. तुमचं म्हणणं होतं, मध्ये दम घेतला की गिऱ्हाइकाला शंका येते.

हिंगणीकडच्या एका जत्रेत उन्हानं फुगे आपोआप फुटत होते. एक पैलवानछाप माणूस तुम्हाला घालूनपाडून बोलत होता, फळी लबाड आहे म्हणत होता. त्यानं बाण फेकला, तो पोत्यात गेला, आणि त्याच वेळी वीतभर बाजूचा फुगा उन्हानं फुटला. तुम्ही क्षणभरही न थांबता ओरडलात, "साहेबांचा फुगा!" आणि त्याला बक्षीस देऊन टाकलंत. तो गेल्यावर मी तणतणलो, "बाबा, तो उन्हानं फुटला! मी आयकलं ना, बाण पोत्यात गेलता!" तुम्ही फुगा बांधता बांधता म्हणालात, "मीबी आयकलं. पन फळी आपली, पुकारा आपला. त्याच्याकडं काय हाय? जेच्याकडं पुकारा, त्यानं सोताच्या बाजूनं पुकारू नाई." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. माणूस शिव्या देऊन बक्षीस घेऊन गेला, एवढंच मला दिसत होतं.

आणि तुमचा दुसरा नियम तर मला फारच जाचायचा. आपण फेकायचं नाही. एकदा दुपारी बाजार ओसरला होता, तुम्ही पाणी आणायला गेलात आणि मी रेघेवर उभा राहून एक बाण मारला. निळा फुगा फुटला. मी स्वतःलाच "साहेबांचा फुगा!" असं पुकारलं. मागे वळलो तर घागर खांद्यावर घेऊन तुम्ही उभे. मारलं नाहीत. घागर खाली ठेवून म्हणालात, "दुकानदारानं फेकू नाई रे. लागला त लोक म्हनतीन फळीत खोट हाय, चुकला त म्हनतीन बाणात खोट हाय. आपून काढाचं अन् द्याचं."  पाचव्या दिवशी घरी चुलीपाशी आई भाकरी थापत होती, तुम्ही एक नवा बाण घासत बसला होतात, आणि त्याला मोराचं गळलेलं पीस लावलं होतं. माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "घरच्या भिताडावर मारजो. तिथं गिऱ्हाईक नाई." आई म्हणाली, "अन् भिताड कोन लिपन?" तो बाण पुढे कुठे गेला ते सांगता येत नाही. हरवला, झालं.

तर एवढी वर्षं मी काढत आणि देत आलो. ढाब्यावर ताट द्यायचं, उष्टं ताट काढायचं. त्यात मला कमीपणा वाटला असं म्हणणार नाही, त्यावरच घर उभं राहिलं. पण आतमध्ये एक गोष्ट टोचत राहिली होती. चार लोकांसमोर, रेघेवर आपण उभं राहायचं, आपलं नाव कोणीतरी दुसऱ्यानं पुकारायचं आणि आपण फेकायचं. ते मला येतं की नाही, हे वयाची पन्नाशी उलटली तरी माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी कोपऱ्यातल्या टेबलावर चार तरुण जेवत होते. मी पाठमोरा. एक जण म्हणाला, वर्ध्याला डार्ट्सची व्यावसायिक स्पर्धा होणार आहे, बाहेरगावचे मोठे खेळाडू येणार, पण हौशी माणसालाही नाव देता येतं. दोन फेऱ्या जिंकल्या तर संध्याकाळी मोठ्या मंचावर नामांकित खेळाडूंबरोबर खेळायला मिळेल. मी गल्ला सोडला आणि रोट्या घेऊन स्वतः गेलो. त्यांनी गाडीतून बोर्ड काढून दाखवला. गोल, काळा-पिवळा, बाहेर आकडे, तारांनी पाडलेली बारीक घरं. मी तीन बाण मारले, तिन्ही बरोबर मधोमध गेले. मी छाती फुगवून पाहिलं, तर ती मुलं एकमेकांकडे बघून हसत होती. मग कळलं की मधल्या ठिपक्यापेक्षा विसाच्या खालच्या बारीक पट्टीला जास्त गुण असतात. आपल्याकडे मध्ये लागला म्हणजे जिंकला, इथे तसं नाही. पाचशे एकवरून वजा करत खाली यायचं, आणि शेवटचा बाण सगळ्यात बाहेरच्या पातळ कड्यात, ज्याला डबल म्हणतात, तिथे बसवून बरोबर शून्य करायचं.

बोर्ड मागवला आणि गोदामात कांद्याबटाट्याच्या पोत्यांमध्ये टांगला. दुपारी गर्दी ओसरली की मी तिथे. तुमची सून दारात उभी राहून म्हणायची, "काऊन करून राह्यले हे? गुडघ्याले तेल लावाच्या वयात टोचे मारता?" मी म्हणायचो, "व्यायाम हाय." "व्यायाम हाय त पोते उचला," ती म्हणायची. पण दार तिनं कधी लावलं नाही. आत काय चाललंय ते तिला बघायचं असायचं.

वर्ध्याला त्यांनी एक मंगल कार्यालय घेतलं होतं. मंचावर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती, आणि नवरानवरीच्या खुर्च्यांच्या जागी मोठा बोर्ड. खाली भिंतीला ओळीनं लहान बोर्ड, प्रत्येकापाशी एक पंच आणि गुण लिहायला पाटी. माझ्याबरोबर शेजारचा टायरवाला आला होता. त्याला खेळातलं काही कळत नाही, पण माझ्या बाजूनं ओरडायला तो पुरेसा आहे. पहिली फेरी कशी निघाली ते सांगत बसत नाही, निघाली. दुपारी माइकवर माझं नाव पुकारलं गेलं. बाबा, कोणीतरी माझं नाव पुकारलं, आणि मी उठलोच नाही. मी वाट बघत होतो की तो कोणी माणूस उठेल. टायरवाल्यानं ढोसलं, "अबे उठ, तूच हायस ना थो!"

समोर कोलकात्याकडचा एक व्यावसायिक खेळाडू होता, धिप्पाड, हसरा, पाठीवर स्वतःचं नाव छापलेला सदरा. तीन डावांत जो दोन जिंकेल तो संध्याकाळी मंचावर. पहिल्या डावात त्यानं मला श्वास घेऊ दिला नाही, तो डाव त्याचा. माझा पहिला बाण तर खालच्या चटईवर पडला, आणि माझ्या कानात तुमचं वाक्य वाजलं, चुकला त बाणात खोट. पण कोणी तसं म्हणालं नाही.  लोक वाट बघत होते की मी दुसरा फेकतो का. फेकला. तो बसला. मग हात आपला आपण चालायला लागला, पोत्यांमध्ये चालायचा तसा. दुसऱ्या डावात त्याचा शेवटचा बाण पुन्हा पुन्हा तारेवर आपटून बाहेर गेला, आणि मी मागून हळूहळू येत डाव संपवला. टायरवाला खुर्चीवर चढला. खोटं कशाला सांगू, बाबा, मला जत्रेतल्या जिलेबीचा वास येत होता. तिथे जिलेबी नव्हती.

तिसऱ्या डावात आम्ही दोघंही शेवटाला आलो. मला हवे होते वीस, म्हणजे दहाचं डबल. त्याला हवे होते बत्तीस, म्हणजे सोळाचं डबल, आणि पाळी त्याची. पहिला बाण बाहेर. दुसरा बाहेर. आता त्याचा तिसरा चुकला की माझी पाळी, आणि दहाचं डबल हे गोदामात माझं सगळ्यात आवडतं घर. मी माझ्या बाणांकडे बघत उभा होतो. त्याचा तिसरा सुटला. आधी तारेची बारीक किणकिण आली, मग जाड 'थप्'. कानाला कळलं की तारेला घासून आत गेला. डोळ्यांनी बघायच्या आत माझे पाय निघाले. मी बोर्डापाशी गेलो, तिन्ही बाण उपटले, सदऱ्याला पुसले, पिसांची बाजू त्याच्याकडे करून त्याच्या हातात ठेवले आणि एका दमात ओरडलो, "डबल सोळा! साहेबांचा फुगा!"

 पंच म्हणजे चष्मा लावलेले एक वयस्कर गृहस्थ. ते नेमके पाटीवरची चुकलेली बेरीज फडक्यानं पुसत होते. त्यांनी वळून बघितलं तर बोर्ड कोरा. "बाण कोनं काढले? मी पाह्यलंच नाई अजून! पंच बोलत नाई तोवर बाणाले हात लावाचा नसते, मालूम नाई का तुमाले?"

"मले मालूम हाय, साहेब," मी म्हणालो. "हाताले मालूम नाई."

लोक हसले. पंच हसले नाहीत. नियमाचं पुस्तक त्यांनी मनातल्या मनात उलटलं असावं, कारण ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी पाह्यलं नाई ते मले धरता येत नाई. या साहेबायचे हे तीन बाण गेले. आता तुमी फेका."

टायरवाला मागून ओरडला, "चूप राह्य भाऊ, काई बोलू नोको! तुही पाळी हाय, मार!"

तो कोलकात्याचा माणूस हातातले बाण बघत उभा राहिला, गिऱ्हाईक उभं राहतं तसा. समोर माझं दहाचं डबल मला एवढं मोठं दिसत होतं, परातीएवढं. मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. नुसतं गप्प राहून रेघेवर जायचं होतं. पण बाबा, बाण माझ्या हातानं निघाले होते. फळी त्या घडीला माझी झाली होती, आणि पुकारा माझ्याकडे होता. मी म्हणालो, "साहेब, बाण लागला होता. सोळाच्या कड्यातून मीच काढला."

पंचांनी चष्मा खाली केला. "कळून राह्यलं का तुमाले, काय बोलता ते? तुमी हरता याच्यानं."

"कळून राह्यलं."

"अरे बैला!" टायरवाला म्हणाला, आणि खुर्चीवरून उतरला.

पंचांनी पाटीवर शून्य लिहिलं. मग टाळ्या झाल्या. थोड्या, पण झाल्या. त्या कोणासाठी ते मला ऐकूनच कळलं, कारण तो खेळाडू स्वतःही वाजवत होता. त्यानं माझा हात धरला आणि हिंदीत विचारलं, "दादा, आप बोर्ड पे नौकरी करते थे क्या?" मी म्हणालो, "नौकरी नहीं. धंदा था, पिताजी का. मेले में." तो म्हणाला, "हमारे यहाँ भी मेले में होता है. पर दुकानवाले को खेलते पहली बार देखा." मंगल कार्यालयाच्या पंगतीच्या टेबलांवर आम्ही दोघं जेवलो आणि त्यानं मला बाण सोडताना मनगट कसं सैल ठेवायचं ते चमच्यानं दाखवलं. संध्याकाळी तो मंचावर खेळला तेव्हा मी खाली बसून प्रत्येक वेळी स्वतःच्या मांड्या हातांनी दाबून धरल्या होत्या, नाहीतर उठून त्याचे बाण काढायला गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी अमरावतीकडे जाताना तो आणि त्याचे तीन-चार सोबती माझ्याकडे जेवायला थांबले. त्यांनीच गोदामातला बोर्ड काढून मागच्या हिरवळीवर कडुनिंबाखाली लावला. तो तिथेच आहे. आता रोट्या यायला उशीर झाला की ट्रकवाले उठून फेकायला लागतात. मीही फेकतो, गिऱ्हाइकांसमोर. तुमचा नियम मोडला, बाबा. लागला तरी लोक हसतात, चुकला तरी हसतात, आणि हसता हसता एक रोटी जास्त खातात. पुकारा तुमची सून करते. तिचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा निघाला, नागपूरच्या बाजूला जाणारी गाडीही हळू होते. पुढच्या वर्षी कारंज्यातून पाच-सहा जण नाव देणार आहेत. टायरवाल्यालाही आता विसाची पट्टी कुठे ते कळतं. परवा तुमची सून पोळीचं पीठ लागलेल्या हातानंच आली, तीन बाण फेकले, एक कड्यात बसला, आणि आत जाता जाता म्हणाली, "माहंही नाव टाकजा." म्हणजे ती तेव्हा का हसली होती, त्याचा थोडा अंदाज आता येतो आहे.

टायरवाल्यानं चौकात माझा फ्लेक्स लावला. कोट घातलेला फोटो, आणि खाली 'कारंज्याची शान, पदार्पणातच दुसऱ्या फेरीत धडक!' मी नको म्हणालो नाही. गल्ल्यावर बसून आल्या-गेल्याला सांगतही होतो की मोठमोठे हौशी खेळाडू वर्षानुवर्षं पहिल्या फेरीतच घरी जातात, आपण पहिल्या झटक्यात दुसरीत. शाल, नारळ सगळं झालं. साळाही त्या दिवशी आला आणि 'बरं' म्हणाला.

हे लिहून मी कुठे टाकणार? तुमचा पत्ता जिवंतपणीही धड नव्हता, आज तळेगाव, उद्या हिंगणी. लिहावंसं वाटलं ते यासाठी की मला फेकता येतं, हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं. आणि तुम्हाला म्हणून एक सांगतो, फ्लेक्सवर नाही ते. पहिल्या फेरीत माझ्यासमोर यवतमाळचा एक जण होता. तो आलाच नाही.